ना हरकत

प्रिय मोहिनी,

फोन सोडून पत्र कसलं लिहितेय, म्हणशील. हे फोनवर बोलावं तर घरात ऐकणारे कान फार. मी सरपंच झाले तेव्हा तूच चिडवलं होतंस, आता प्रेमाबाईंना भेटायला चिठ्ठी पाठवावी लागणार म्हणून. चिठ्ठ्या मीच लिहितेय बघ सगळीकडे.

शाळेमागच्या टेकडीवर खडी क्रशर येणार म्हटल्यावर आम्ही ग्रामसभा घेतली. ग्रामसेवकांनी विषय वाचला, ‘ना हरकत दाखला देणे’, आणि मंजूर असेल त्यांनी हात वर करा म्हणाले. झाडून सगळ्यांचे हात वर! मी घाबरलेच. तर मेंढ्यावाले मसाजीकाका उठले, "काहून घाबरून राहिली बाई? आमी ‘ना’च म्हनलो की! ना, हरकत हाय!" अख्खी सभा पोट धरून हसली. मग ठराव नव्याने लिहिला, की क्रशरला गावाची हरकत आहे. खाली एकशे बेचाळीस सह्या नि अंगठे. मी इतकी खूश होते की घरी येऊन शिरा केला.

दोन महिन्यांनी वरून पत्र आलं. शासनाच्या नव्या धोरणानुसार अशा उद्योगाला ग्रामपंचायतीच्या दाखल्याची गरज उरलेली नाही, सबब ठराव विचारात घेता येत नाही. म्हणजे आम्ही हो म्हटलं काय नि नाही म्हटलं काय. सेनगावला तहसिलीत चार खेपा झाल्या, हिंगोलीला कलेक्टर कचेरीत तीन. साहेब खुर्ची देतात, चहा देतात, अधिकार आमच्याही हातात नाहीत म्हणतात. वाईट कुणीच वागत नाही गं, त्यानेच जास्त थकायला होतं. हिंगोलीत तुझ्या गल्लीपर्यंत येऊन परत फिरले एकदा. आत आले असते तर रडले असते.

आता क्रशर दिवसभर चालतं. तुरीची पानं पांढरी झालीत, मास्तर खिडक्या लावून शिकवतात. आमची अनुश्री तिसरीत. दिवाळीपासून तिचा खोकला थांबत नाही. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा पंप दिला आणि धुळीपासून जपा म्हणाले. शाळाच धुळीत आहे, जपू कशी?

शेजारच्या भिकाबाई नातीला तिच्या मामाकडे पाठवायला निघाल्या होत्या. पिशवीसुद्धा भरली होती. मीच आडवी गेले. पोरं गेली तर शाळा बंद पडेल, मग आपण भांडायचं कशासाठी, असं चार बायांदेखत सांगितलं. त्यांनी ऐकलं माझं. ती पोर अजून त्याच वर्गात बसते, अनुश्रीच्या शेजारी. तीही खोकते.

मोहिनी, अनुश्रीला तुझ्याकडे ठेवून घेशील का? निदान वर्षभर. लढून लढून मी दमले, आणि लेकराचा श्वास काही वाट बघत नाही. रविवारी सकाळच्या एसटीने तिला घेऊन येते. गावात मी सांगणार आहे, मावशीकडे इंग्रजी शिकायला पाठवली म्हणून. भिकाबाई नातीला दाखवायला तिकडच्या दवाखान्यात येत असतात. कधी भेटल्या तर तूही त्यांना तेच सांग.

तुझीच,
प्रेमा