डाव्या डोळ्याचा फोटो

१८ नोव्हेंबर १९८५, सोमवार
आजपासून जाड निबेचा पेन. हल्ली शाईच फिकी येते.
कापडवाले गणपतराव घड्याळ घेऊन परत आले. म्हणे, दुरुस्त केल्यापासून बंद आहे. सांगितलं, मनगटात उष्णता असेल. बावीस वर्षं घड्याळं उघडतोय, तीही एका डोळ्यानं. जन्मापासून दोन्ही बुबुळं पांढुरकी. उजव्यानं कधी दिसलंच नाही, डाव्यात मधोमध थोडी जागा साफ. तेवढी मला पुरते.
संकल्प: दुकानात साठऐवजी शंभरचा बल्ब.

२१ नोव्हेंबर
शंभरचा बल्ब भिकार निघाला. बायको, शामला, डबा घेऊन आली होती. तिचं म्हणणं, अर्धा तास मी बसवत होतो तो स्क्रू नसून मोहरीचा दाणा होता. दुकानात मोहरी आणली कोणी, हा खरा प्रश्न आहे.
संकल्प: दुकानात जेवण बंद.

२७ नोव्हेंबर
शामलानं धंतोलीत डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलंच. म्हणाले, मोतीबिंदू आहे. म्हटलं, काढा, सोमवारी मोकळा आहे. म्हणाले, तसं नाही आनंदराव, बुबुळ इतकं पांढरं आहे की टॉर्चनं आतलं दिसत नाही. मोतीबिंदू कुठं टेकलाय, मागं काय आहे, हे कळल्याशिवाय हात लावणार नाही. नवीन मशीन आलंय, आवाजाच्या लहरींनी डोळ्याच्या आतला फोटो काढतं. नंबर १२ डिसेंबरचा.
म्हणजे केस साधी नाही. बरं वाटलं.

३ डिसेंबर
प्लॅन: २० तारखेला ऑपरेशन, जानेवारीपासून लेडीज घड्याळंही घेणार.
सकाळी वाटेत शेजारच्या महादेवरावांना रामराम केला. शामला म्हणाली, अहो, हातगाडीले काहून रामराम करून राहिले? महादेवराव हल्ली उत्तर देत नाहीत, एवढं खरं.

१२ डिसेंबर, संध्याकाळ
पापणीवर थंड जेली, वर पेनासारखी कांडी. अजिबात दुखलं नाही. डॉक्टर बराच वेळ गप्प. चांगली खूण. मीही बारीक कामात बोलत नाही.
मग त्यांनी शामलाला आत बोलावलं. मोतीबिंदू बुबुळाला आतून चिकटलाय. शिवाय डोळ्यातल्या दाबानं मागची नस सुकलीय, फोटोत तिथं खड्डा दिसतो. ऑपरेशन केलं तरी नजर येणार नाही. उलट आहे तो उजेडही जाईल.
शामलानं विचारलं, काहीच होत नाही का जी? डॉक्टर नाही म्हणाले.

१३ डिसेंबर
रात्रभर विचार केला. फोटोच धूसर आहे. धूसर फोटोवरून निदान चुकणारच. शामलाला खिडकीपाशी नेऊन दाखवला. म्हणाली, फोटो साफ आहे जी.
संकल्प: फोटो मुंबईला पाठवणे. तिथं मशीन मोठं असेल.

३० डिसेंबर
मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र आलं. शामलानं वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदाही तेच निघालं.

२ जानेवारी १९८६
गणपतराव आले. मी म्हटलं, पार्ट मिळत नाही नागपुरात. शामला मध्येच बोलली, पार्टचं काही नाही भाऊ, ह्यायलेच दिसत नाही. ते म्हणाले, मले दसऱ्यापासूनच माहीत आहे वैनी.

७ जानेवारी
अवजारं पेटीत भरली. बरीचशी शामलानंच.
उरलेला उजेड टिकावा म्हणून थेंब दिलेत. बारा-बारा तासांनी.
वेळ शामला सांगते.