शेवटचा काळा चौकोन

१८ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. (आज ते देताना हात आखडतो आहे, हे आधीच सांगते.)

काल, १७ फेब्रुवारीला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुमच्या छापखान्याचं पाकीट माझ्या हातात पडलं. दादाच्या स्मृतिग्रंथाची प्रुफं. मी चष्मा पुसला, सरळ त्याच्या शेवटच्या लेखाचं शेवटचं पान काढलं, आणि तिथे सिद्धतेच्या खाली, उजव्या कडेला, काळा चौकोन. ठसठशीत. झालं सिद्ध, आता उठा, असं सांगणारा.

मी पाठवलेल्या फाइलमध्ये तो नव्हता. तू घातलास.

ती फाइल मी कशी केली ते विसरलीस का? तुझा बाप गेला, ही पानं टेबलावर अर्धवट राहिली, आणि तूच म्हणालीस की आत्या, बाबांचं अक्षर लागणारी तू एकटीच उरलीस. म्हणून शाळेतून निवृत्त झालेली ही गणिताची बाई विद्यापीठात, गणिताचा मजकूर टाइपसेट करायच्या कोर्सला जाऊन बसली. पहिल्याच तासाला एका मुलीने विचारलं की आजी, कुणाला शोधताय का. मी सांगितलं की माझी जागा शोधते आहे, आणि तिच्यावर तू बसली आहेस.

इथे नुसतं टाइप करून भागत नाही, आज्ञा द्याव्या लागतात. ‘सिद्धता सुरू’ ही एक, ‘सिद्धता समाप्त’ ही दुसरी. दुसरी दिली नाही तर यंत्र अडून बसतं, पान धड तयार करत नाही. आणि दिली की चौकोन आपोआप उमटतो. बाई, खरंच संपली का, असं कुणी विचारत नाही. मी एक ओळ वाढवली की तो एक ओळ खाली सरकतो आणि तिथे उभा राहतो. आणखी वाढवल्या तरी तेच. आपण कुठे थांबणार हे त्याला आधीच कळलेलं असतं. मला ते बघवेना. कोर्सच्या मास्तरांना विचारून मी तो काढायला शिकले. ते म्हणाले की आजवर कुणी काढून मागितला नाही, सगळ्यांना हवाच असतो. मी म्हटलं, मला नको.

शिवाय दादा एके ठिकाणी लिहितो की साहाय्यक प्रमेय पाचवरून हे मिळतं. आणि पाचवं प्रमेय त्या पानांत नाहीच. म्हणून यंत्राने आकड्याच्या जागी दोन प्रश्नचिन्हं छापली. मी ती तशीच ठेवली होती. तू ती पुसून तिथे काय लिहिलंस? ‘हे उघड आहे.’ खारू, तुझ्या बापाने जन्मात कधी ‘उघड आहे’ लिहिलं नाही. त्याला काहीच उघड नसायचं. दोन आणि दोन चार हेसुद्धा तो उठून एकदा बघून यायचा.

असं का केलंस ते कळव. वहिनीला नमस्कार. लोभाचं काय ते उत्तर आल्यावर बघू.

तुझी,
आत्या


२१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाकीट फोडायच्या आधीच हाताला गरम लागलं. तुझ्या वर्गातल्या त्या मुलीची मला दया आली. मी तुझ्या हाताखाली शिकले आहे.

हो, मीच घातला, आणि समजून घातला. बाबांच्या एकूण एक हस्तलिखिताच्या शेवटी तो चौकोन आहे. पट्टी न लावता काढलेला तरी काटकोनात, पेन्सिलीने गच्च भरलेला. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवायचे, बोट काळं व्हायचं आणि मग आई ओरडायची. सगळ्या लेखांना तो आहे आणि या शेवटच्याला नाही, हे मला फार पोरकं वाटलं. बाबांची सही राहून गेली होती, ती मी केली. एवढंच.

नाही, एवढंच नाही. तू मला भित्री म्हणशील, पण सांगतेच. प्रुफं लावायला घेतली तेव्हापासून बाबा इथे यायचे. दिसायचे नाहीत. भर दुपारी, बाहेर यंत्रं धडधडत असताना, मी कागदांचा गठ्ठा पालथा घालून, खोलीला कुलूप लावून चहाला जायचे. परत यावं तर हेच पान सगळ्यांत वर, उताणं. किल्ली माझ्याच पर्समध्ये. शेजारच्या टेबलावरच्या प्रूफरीडरकाकांना सांगितलं, तर म्हणाले की वारा असेल. त्या खोलीला खिडकी नाही, आत्या. काकांना ते माहीत आहे, म्हणूनच ते माझ्याकडे न बघता बोलले.

पाचवं प्रमेय मी सगळीकडे शोधलं. खण, पुस्तकं, बाबांच्या कोटांचे खिसे. नाही मिळालं. शेवटी ते तीन शब्द लिहिले, चौकोन घातला, आणि त्या दिवसापासून पान जागचं हललेलं नाही. आई रोज विचारायची की बाबांचं झालं का. त्या दिवशी मी पहिल्यांदा हो म्हणाले. ती पोटभर जेवली.

ग्रंथ गुरुवारी, ५ मार्चला छपाईला जातो. राहू दे ना गं तो चौकोन. कुणाचं काय बिघडतं?

राग गेला नसला तरी माया ठेव.

तुझी,
खारू


२५ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद. आज हात आखडलेला नाही.

तुला भित्री म्हणत नाही. आता मी सांगते ते नीट ऐक.

तो चौकोन तुझ्या बापाचा नाही. माझा आहे.

शाळेत होतो तेव्हापासूनची आमची रीत. तो सिद्धता लिहायचा आणि माझ्यापुढे ठेवायचा. मी वाचायची. तो माझ्या डाव्या खांद्यामागे उभा, बॉलपेनचं बटण टक टक दाबत. त्याने बोलायचं नाही हा नियम, म्हणून ते पेन. पटलं की मी पेन्सिलीने चौकोन काढून भरायची. सरळ रेघ मारायला आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं होतं, त्याचा मला तेवढाच उपयोग झाला. पटलं नाही तर पानं कोरीच परत. मग तो मला खाष्ट म्हणायचा, अबोला धरायचा, एकदा तर राखीपौर्णिमेलाही तोंड फिरवून बसला, त्यावरून वहिनी चिडवायची, पण स्वतःच्या हाताने चौकोन त्याने एकदाही काढला नाही. मोठा प्राध्यापक झाल्यावरही नाही. तुझं बोट काळं व्हायचं ते माझ्या पेन्सिलीने. आणि ही पानं माझ्यापुढे आलीच नाहीत. त्याआधीच तो गेला.

म्हणजे बापाची सही केली असं तुला वाटलं, केलीस माझी.

पान हलायचं का थांबलं, तेही सांगते. गेल्या आठवड्यात कोर्सच्या संगणकांच्या खोलीत, लख्ख उजेडात, माझ्या मागे टक टक सुरू झाली. मी न वळता बजावलं की पेन वाजवणाऱ्याने बाहेर जावं. सगळे हात थांबले. मास्तर खाली वाकून म्हणाले की बाई, इथे कुणाकडे पेनच नाही. खरंच नव्हतं, सगळ्यांची बोटं कीबोर्डवर. आणि टक टक चालूच, डाव्या खांद्यामागे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण आपल्या माणसाचा उतावीळपणा ओळखायला विश्वास लागत नाही. तू दार लावलंस म्हणून तो गेला नाही, पोरी. माझ्याकडे आला.

म्हणून मी वाचायला बसले. पाचव्या प्रमेयात काय असणार हे आजूबाजूच्या ओळींवरून कळतं. ते मी स्वतः सिद्ध करायला घेतलं. सम संख्यांना जमलं. विषम संख्यांना एका पायरीवर येऊन अडतं, आणि काही केल्या पुढे जात नाही. खरं असेल, खोटं असेल. कदाचित तोही तिथेच अडला असेल. मला पटलेलं नाही, मग चौकोन नाही. भाऊ म्हणून मी सवलत देणारी असते, तर त्याने कधीच दुसरं कुणी गाठलं असतं.

वहिनी जेवली, हे वाचून मला गलबलून आलं. पण उद्या कुणी हुशार पोर त्या ‘उघड आहे’वर बोट ठेवून म्हणालं की म्हाताऱ्याने शेवटी थाप मारली, तर वहिनीला काय सांगशील? बाबांचं झालं का, याचं खरं उत्तर तिला मी येऊन देईन. ते तुझ्यावर टाकणार नाही.

तेव्हा ते तीन शब्द काढ. दोन्ही प्रश्नचिन्हं परत घाल. चौकोन काढ आणि खालचं पान कोरं सोड. त्यानंतर तो पुन्हा तुझ्याकडे येईल, पान उताणं करेल. करू दे. घाबरलीस तर सगळे कागद घेऊन इकडे निघून ये. दोघी मिळून विषम संख्यांकडे बघू. तुझं डोकं माझ्यापेक्षा ताजं आहे, फक्त त्याला घाई फार.

हे सगळं केल्याचं, तुझ्या हाताने लिहिलेलं उत्तर मला सोमवारी, २ मार्चला दुपारी बाराच्या आत मिळालं पाहिजे. फोन उचलणार नाही. लोभ आहेच, तो तुझ्या बापाच्या आणि माझ्या रीतीने टिकव.

तोवर मी त्याला इथे बसवून ठेवते.

तुझी,
आत्या