वाटूरच्या ओट्यावर

नागपूर,
१० नोव्हेंबर २०२४

ती. दादांस,
ज्योत्स्नाचा सविनय जयभीम.

आम्ही सगळे इकडे मजेत आहोत. अर्पिताची सहामाही संपली. माझ्या दवाखान्यातल्या ड्युट्या नेहमीसारख्याच. फोन सोडून पत्र लिहायला का बसले ते तुम्हाला ठाऊक आहे. परवा मी विचारलं, जेवायला काय केलं, तर तुम्ही म्हणालात की मंगळवारी! चौतीस वर्षं एसटीच्या खडखडाटात कंडक्टरकी करून कान गेले हे मान्य. पण मी आणलेलं कानाचं यंत्र कपाटात ठेवून द्यायचं, याला काय म्हणावं?

खरी काळजी वेगळीच आहे. शेजारच्या पप्पूभाऊंनी कळवलं की दोन महिने झाले, तुम्ही सकाळी घराला कुलूप लावता आणि पाचला परत येता. कुठं जाता ते कुणालाच माहीत नाही. आईला जाऊन सव्वा वर्ष झालं. अशा वेळी एकटं माणूस कुठंही भटकतं, हे मी दवाखान्यात रोज बघते.

जालन्यात एक संस्था आहे. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांना ते सोबत देतात. शिकवून तयार केलेला माणूस रोज घरी येतो, गप्पा मारतो, पेपर वाचून दाखवतो, फिरायला नेतो. मी तुमचं नाव दिलं आहे. तो नको असेल तर सरळ नागपूरला या, मागची खोली रिकामी केली आहे. दोन्हीपैकी एक ऐकावंच लागेल.

जावयांचा नमस्कार. उत्तर लगेच टाका.

तुमची,
ज्योत्स्ना


परतूर,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. ज्योत्स्नास,
दादाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी बिलकुल ठीक आहे. संस्थेतून माणूस आल्ता. चांगला होता. त्याला चहा पाजला आणि सांगितलं की बाबा, मी स्वतःच त्या कामावर आहे, उशीर होऊन राह्यला. नऊची गाडी गाठायची होती.

आता सांगतोच. मी रोज वाटूरला जातो. पंच्याहत्तरीनंतर आपल्याला एसटी फुकट. ज्या गाडीत जन्म उभ्यानं काढला तिच्यात आता खिडकीपाशी बसून जातो. सप्टेंबरात तिथं एका दुखवट्याला गेल्तो. येताना फाट्यावर मच्छिंद्रराव दिसले. बाकावर बसलेले. तीन गाड्या गेल्या, एकीतबी चढले न्हाईत. माझ्या गाडीला दर बाजाराला हे नवरा-बायको असायचे. दुर्गाबाईंची टोपली शेजारच्या जागेवर, आणि हे तिकीट काढूनबी परतूरपर्यंत उभे. बाई चैत्रात गेल्या. तेव्हापासून हा माणूस कुणाशीच एक शब्द बोलला न्हाई. मुलगी मीना पुण्याला. तिचा फोन आला की उचलून फळीवर ठेवून देतात, ती बिचारी भिंतीशी बोलत राहती.

मंग मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि त्यांच्या ओट्यावर बसलो. ते आत, मी बाहेर. मी पेपर वाचायचो. मला माझाच आवाज ऐकू येत न्हाई म्हणून जोरात वाचतो, त्यामुळं सगळ्या गल्लीला बातम्या कळतात. ते बोलत न्हाईत, मला ऐकू येत न्हाई. आमचं बराबर जुळलं.

वीस दिवस असेच गेले. एकविसाव्या दिवशी पावसाचे थेंब यायला लागले. ते बाहेर आले, माझी पिशवी उचलली आणि आत बाजेवर नेऊन ठेवली. मी पिशवीमागं आत गेलो. आता आम्ही आत बसतो.

अर्पिताला पापा. काळजी सोड.

तुझा,
दादा


नागपूर,
१ डिसेंबर २०२४

ती. दादांस,
सविनय जयभीम.

पत्र वाचलं. मच्छिंद्रराव म्हणजे तेच ना, ज्यांच्या वडिलांकडे सटवाजी आजोबा सालगडी होते? त्या ओट्यावर आजोबांना पाय ठेवता येत नव्हता, पाणीसुद्धा वरून ओतायचे, हे तुम्हीच मला सांगितलं. तुम्ही खाकी वर्दी चढवली ती आम्हाला कुणाच्या ओट्यावर बसायला लागू नये म्हणून. आणि आता शहात्तराव्या वर्षी रोज गाडी पकडून तुम्ही तिथंच जाऊन बसता? वीस दिवस त्यांनी तुम्हाला बाहेर ठेवलं आणि पिशवी आत नेली, याचं कौतुक करायचं?

त्यांना सोबत हवी असेल तर त्यांच्या मुलीनं माणूस ठेवावा. माझ्या वडिलांनी का जावं?

रागात लिहिलं आहे, माफ करा. पण खोडलेलं नाही. प्रकृतीला जपा, थंडी वाढली आहे.

ज्योत्स्ना


परतूर,
८ डिसेंबर २०२४

चि. ज्योत्स्नास,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुझा राग बराबर आहे. तो ठेव, सोडू नको. मला तो माझ्या बापाची आठवण देतो.

पण एक सांगतो. माझा बाप तिथं जायचा कारण त्याला जावं लागायचं. मला कुणी बोलावलेलं न्हाई. मी माझ्या मनानं जातो आणि माझी गाडी आली की उठतो. एवढा फरक पडायला आपल्या घराच्या दोन पिढ्या गेल्या.

तुझी आई गेल्यावर चार महिने मी दुधवाल्याशिवाय कुणाला दार उघडलं न्हाई. तुला कळवलं न्हाई, तू पोरीची शाळा सोडून पळत आली असतीस. सकाळी अकरा वाजता, भांडी घासून झाल्यावर, घर कसं खायला उठतं ते मला माहीत आहे. शेजारी येऊन नुस्तं कुणी बसलं असतं तरी चाललं असतं. ते घर कुणाचं आहे ते अकरा वाजता कळत न्हाई, पोरी.

खोकला थोडा आहे, आल्याचा काढा घेऊन राह्यलो. जावयांना नमस्कार सांग.

तुझा,
दादा


पुणे,
२९ डिसेंबर २०२४

सौ. ज्योत्स्नाताई यांस,
मीनाचा सप्रेम नमस्कार.

आपली भेट नाही, फक्त त्या दुपारचा एक फोन. वाटूरच्या मच्छिंद्ररावांची मी मुलगी. तुम्ही धावत परतूरला पोहोचलात, पण त्याआधी काय घडलं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलं नसेल. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तर नाहीच. म्हणून लिहिते.

सतरा तारखेला माझा फोन वाजला. अण्णांचा नंबर. उचलला तर अण्णांचा आवाज! आठ महिन्यांनी. मला आधी ओळखूच आला नाही. ते म्हणाले, भिवाजी कंडक्टर दोन दिवस आले नाहीत, मी परतूरला त्यांच्या घरी आलो आहे, अंग तापानं भाजतंय, आता काय करू ते सांग.

बाकीचं मला पप्पूभाऊंकडून कळलं. आई गेल्यापासून जे कधी गाडीत चढले नव्हते, ते अण्णा त्या सकाळी फाट्यावर गेले आणि पहिल्या गाडीच्या कंडक्टरला विचारलं, भिवा कंडक्टर परतूरला कुठं राहतात. त्यांचं बोलणं ऐकून फाट्यावरचा चहावाला कप तसाच धरून उभा राहिला म्हणे. घराची कडी आतून होती. पप्पूभाऊंनी खिडकीतून हात घालून काढली. रिक्षातून दोघांनी दादांना दवाखान्यात नेलं. छातीत कफ साठला होता, आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. कागदावर लिहायला तिथं विचारलं की पेशंटचे तुम्ही कोण. अण्णा म्हणाले, मी भिवाजींचा माणूस.

ताई, गावात मालकाचा ‘माणूस’ कुणाला म्हणायचे ते आपल्याला दोघींना ठाऊक आहे.

मी अण्णांसाठी पगारी माणूस ठेवून पाहिला होता. आठवड्यात पळाला. येत्या मार्चमध्ये त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं मी ठरवलंही होतं. तुमच्या वडिलांनी काय केलं हे मला आजही शब्दात सांगता येत नाही. बसले, एवढंच. ते मला मुलगी असून जमलं नाही.

तुम्हा सर्वांना नवीन वर्ष सुखाचं जावो. ओळख राहू द्या.

तुमची,
मीना


परतूर,
१४ जानेवारी २०२५

चि. ज्योत्स्नास,
जयभीम आणि आशीर्वाद.

ताप पुन्हा आला न्हाई. गोळ्या संपल्या. तू गेल्यावर मच्छिंद्रराव अजून आठ दिवस इथंच राह्यले. भाकरी जाड करतात, पिठल्यात मिरची बेसुमार. तू चार दिवस त्यांच्या हातचं मुकाट्यानं खाल्लंस, जाताना त्यांच्याकडं न बघताच नमस्कार केलास. मी पाहिलं. जेवढं जमलं तेवढं केलंस, जास्त करायची जल्दी न्हाई.

आता ते एवढं बोलतात की पेपर वाचायला सवड राहत न्हाई. मीनाताईंचा फोन रोज घेतात. वृद्धाश्रमाचं रद्द झालं. पुढच्या सोमवारपासून आम्ही दोघं वाटूरच्याच एका म्हाताऱ्या मास्तरांकडं जाणार आहोत, त्यांची नजर गेली आहे. यंत्र कानात घालून जाणार आहे, कारण मास्तर हळू बोलतात.

खालची जागा मच्छिंद्ररावांनी मागितली. काय लिहिलं ते मला वाचू दिलं न्हाई. तसंच पाकीट बंद करतो.

तुझा,
दादा

ज्योत्स्नाताई,
नमस्कार. मला लिहायची सवय न्हाई. तुमचे आजोबा सटवाजी आमच्याकडं होते तेव्हा मी आठ वर्षांचा आणि ते चाळिशीचे. मी त्यांना ए सटव्या म्हणून हाक मारायचो. ते जी म्हणून यायचे. भिवाजी तेव्हा गोठ्यापाशी उभे असायचे, माझ्याच वयाचे. त्यांना ते आठवत असणारच. कधी बोलले न्हाईत. ओट्यावर ते पेपर वाचायचे तेव्हा मी आत बसून माझी ती हाकच ऐकत होतो, बातम्या न्हाई. त्यांच्यासमोर हे तोंडातून निघत न्हाई, म्हणून तुम्हाला सांगतो. सटवाजीबाबांची मी माफी मागतो.

हुरडा आला आहे. अर्पिताला घेऊन वाटूरला या. आमच्या घरात बसायला या. न्हाई आलात तरी माझी तक्रार न्हाई.

मच्छिंद्र