फळ्यावरचं पहिलं नाव

४ सप्टेंबर २०२५

मला खाली ढकललं! अठ्ठावीस वर्षं इसहाकभाईंच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, विमानांच्या मशीनशेजारी, विक्रमांच्या फळ्यावर सगळ्यात वर माझं नाव होतं – चार लाख शहाऐंशी हजार गुण. आज भाजी घेऊन येताना डोकावले तर वर भलतंच नाव: ‘दत्तात्रेय, पाच लाख दोन हजार.’ तारीख कालची. मशीन जुनं, वीज गेली की आकडे विसरतं. म्हणून फळा हाच पुरावा.

हा दत्तात्रेय थळचा. कारखान्यातून निवृत्त झालेला मेकॅनिक. भाईंची मशिनं फुकट दुरुस्त करतो. म्हणजे विक्रमवीराच्याच खिशात मशीनची चावी! इतकं ढोबळ मी माझ्या सदरात लिहिलं तर संपादक लेख परत पाठवतील.

५ सप्टेंबर

चौदा तारखेला मुंबईहून जुन्या खेळांचे विक्रम नोंदवणारी मंडळी रो-रो बोटीने येणार. एका मशीनमागे एकच नाव त्यांच्या यादीत जाणार. आणि नेमकं आत्ताच या गृहस्थाच्या बोटांना तेज चढलं. योगायोग!

६ सप्टेंबर

थेट विचारलं. “भाई, बुधवारी मशीनवर एका डावाला जीव किती होते?”

“तीन. रेकॉर्डला तीनच, बाई. तुम्हाला काय नवीन सांगायचं?”

नवीन नाही, म्हणूनच विचारलं. गणपतीत मुंबईची पोरं गावी येतात, तीन जीव संपवून पाच मिनिटांत भोकाड पसरतात. म्हणून भाई चतुर्थीला मशीनच्या आतलं बटण फिरवून पाच जीव देतात. गौरी-गणपती गेले की पुन्हा तीन. पाच असताना कुणाचंही नाव फळ्यावर चढत नाही, हा पार्लरचा कायदा.

“गौरी-गणपतींचं विसर्जन मंगळवारी, याचा खेळ बुधवारी. बटण फिरवायचं राहिलं असेल.”

“अल्ला कसम, मंगळवारीच फिरवलं.”

“कुणी?”

भाई चष्मा पुसत बसले. मग – “दत्तूने. माझे गुडघे आता वाकतात कुठे?”

हं!

९ सप्टेंबर

आज दत्तात्रेय स्वतःच पार्लरमध्ये भेटला. “मॅडम, दर रविवारी वाचतो तुम्हाला. आता माझ्यावर लिवनार काय?” वर हसतो! हसणाऱ्या माणसांवर माझा तसाही विश्वास नाही.

“मशीन उघडा,” म्हटलं. उघडलं. बटण तीनवर. आज असणारच! बुधवारचं काय?

“बुधवारीपन तीनच व्हते, मॅडम.” बस्स. एवढंच.

१० सप्टेंबर

मंडळींना तक्रार पाठवली. दोन पानं. भाषा झकास उतरली.

१२ सप्टेंबर

दत्तात्रेयांची मुलगी प्रणाली घरी आली. बसली नाही. फोन पुढे केला – बुधवारच्या खेळाचा व्हिडिओ, चाळीस मिनिटांचा. पहिला जीव, दुसरा, तिसरा. तिसरा गेला, खेळ संपला. कुठे काटछाट दिसते का म्हणून पुन्हा पाहिला. नाही.

“हा आधीच का नाही दाखवलात?”

“बाबा नको म्हणाले. म्हणे, बाईंना वाईट वाटेल.” फोन पर्समध्ये टाकला. “सहा वर्षं तुमचा आकडा आमच्या फ्रिजवर चिकटवलाय, मावशी. रोज बघतात. आणि तुम्ही त्यांना चोर ठरवलंत.”

चहा म्हटलं तर “नको” म्हणाली. चप्पल घालेपर्यंत थांबले दारात. तिने वर पाहिलं नाही.

१४ सप्टेंबर

तक्रार मागे घेतली. दत्तात्रेयांचं नाव यादीत गेलं. मंडळींतल्या एकाने विचारलं, “पण मॅडम, पाच जिवांचा संशय तुम्हाला आला कसा?” म्हटलं, सदर लिहिते, खोड आहे.

सत्त्याण्णव साल. गौरी-गणपतींच्या विसर्जनानंतरचा दिवस, पार्लर नुकतं उघडलेलं. तिसरा जीव गेला आणि चौथा आला. भाई पाठमोरे चहा गाळत होते. मी खेळत राहिले.