सीलन नाही, ओल

बाबा, फरीदाबादच्या घराची गच्ची तपासून घेतली, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. होळीनंतर एका दुपारी तिथे अशा गारा पडल्या की समोरच्यांच्या गाडीची काच फुटली, आपल्या टाकीचं झाकण तडकलं आणि सोलर हीटरच्या नळ्यांचा चुरा झाला. आईनं फोनवर यातलं अवाक्षर काढलं नाही. ‘थोड्या गारा पडल्या, मी वाटीभर वेचल्या,’ एवढंच. बाकीचं शेजारच्या काकूंकडून कळलं, आणि मी पुढच्याच रविवारी एक इंजिनियर बोलावून गुरुग्रामहून घरी पोचले. आईला ते मुळीच आवडलं नाही. छतात काही निघालं तर मी तिला उचलून माझ्याकडे नेणार, हे ती ओळखून होती. तुम्ही गेल्यापासून आमचं हेच भांडण चाललंय. ती म्हणते इथून हलणार नाही, मी म्हणते एकटी राहू नकोस, आणि दोघी तुमच्याइतक्याच हट्टी. ‘नुकसान गारांनी केलंय ना, मग त्याला गारांचंच बघू दे,’ असं तिनं मला दारातच बजावलं.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधला तुमचा पराक्रम आठवतोय? पुण्याहून नुकती बदली झालेली, आपण अगदी वरच्या मजल्यावर, आणि तुमचं हिंदी म्हणजे मराठीलाच ‘है’ लावलेलं. पावसाळा सरला तरी स्वयंपाकघराचं छत सुकेना, म्हणून तुम्ही माझं बोट धरून देखभालीच्या ऑफिसात जाता. खिडकीतल्या बाबूला रुबाबात सांगता, “हमारे छत को ओल आया है.” तो चष्म्यावरून बघतो. “ओले? कब गिरे ओले?” “गिरे नहीं, आया है. एक महीने से है.” “एक महीने से ओले पड़े हैं, साहब, और पिघले नहीं?” रांगेतली माणसं हसतात आणि कारण न कळताही तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसता. हिंदीत ओले म्हणजे गारा, आणि आपली ओल म्हणजे त्यांची सीलन, हे त्या दिवशी तुम्हाला कळलं आणि घरी येऊन तुम्ही ते आईला पढवलंत. पुढे दर गणपतीला जमलेल्या मंडळींना तुम्ही हा किस्सा ऐकवायचात आणि आई आतून ओरडायची, ‘पुरे, त्यांना पाठ झालाय.’ तर मुद्दा असा की सीलन हा शब्द आपल्या घरात सगळ्यांना चांगला येतो.

इंजिनियर माझ्याच वयाचा, बोलका. गच्चीवर त्यानं हातोडीनं ठिकठिकाणी ठोकून पाहिलं, फोटो काढले, टाइलांना तडे गेलेत पण घाबरण्यासारखं काही नाही म्हणाला. जिना उतरताना त्यानं सहज विचारलं, “नीचे कहीं सीलन तो नहीं है, माताजी?” आई चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, “सीलन बिल्कुल नहीं है. किचन में बस थोड़ा ओल है.” तो हसला. “ओले तो सबके यहाँ गिरे हैं, माताजी!” आणि त्यानं बॅगेची चेन लावली. मी आईकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं दिल्लीतल्या भाजीवाल्यांशी हुज्जत घातलेली बाई, आणि तिला म्हणे सीलन माहीत नाही! बरं, खोटंही बोलली नव्हती. मला हसू आवरेना, तुम्ही हवे होतात असं फार वाटलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसू विरलं, कारण ती चक्क विनवत होती. मी गप्प राहिले असते तर तो चहा पिऊन गेला असता आणि आई तिच्या घरात राहिली असती. मी म्हटलं, “सर, सीलन है. किचन में.”

त्यानं गॅसच्या वर हातोडी टेकवली तर आवाज पोकळ आला. दुसऱ्या ठोक्याला प्लास्टरचा परातीएवढा तुकडा ओट्यावर कोसळला आणि आतल्या गंजून सुटलेल्या सळ्या दिसल्या. गारांचा काही संबंध नव्हता, पाणी कित्येक वर्षं मुरत होतं. “इसके नीचे खाना मत बनाइए, माताजी,” तो म्हणाला, आणि यावेळी हसला नाही. आई रोज सकाळी तिथेच उभी असायची. त्याच दिवशी मी तिला गाडीत बसवून निघाले. माझ्या सोसायटीचं गेट आल्यावर म्हणाली, “बाबांनी शिकवलेला शब्द बरा लक्षात ठेवलास.”

मी बोलले याचं मला वाईट वाटत नाही, अजिबात नाही. आई आता माझ्याकडे आहे. तिला इथे करमत नाही. लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही, आणि डोक्यावर गच्चीऐवजी दुसऱ्याचा संसार, हे तिला पटत नाही. रोज संध्याकाळी विचारते, “स्लॅबचं काम कुठवर आलं गं?” पण बाबा, मी ऑफिसातून येते तेव्हा स्वयंपाकघरात दिवा असतो, फोडणीचा वास दारापर्यंत येतो, टीव्हीच्या आवाजावरून आमची वादावादी होते आणि मग मला गाढ झोप लागते. फोन वाजेल म्हणून कान टवकारून पडायचे, ते आता बंद झालंय. मला ती इथे हवी आहे, तिच्या काळजीपोटी नाही, माझ्यासाठीच.

मागच्या आठवड्यात ठेकेदाराचा फोन आला. “मैडम, काम हो गया, चाबी ले जाइए.” मी जाऊन बघूनही आले. छत कोरडं ठणठणीत आहे, रंगसुद्धा झालाय. त्या संध्याकाळी आईनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, “अजून सुकतंय.” कालही तेच म्हटलं. मी सांगणार आहे तिला, या रविवारी नाही, पण सांगेन. तुम्हाला आधी सांगून टाकलं, कारण तुम्ही काही तिला जाऊन सांगणार नाही.