तिकडून आलेली वीज

प्रिय धाकटे,

हाताने लिहिलेलं पत्र बघून म्हातारा शुद्धीवर आहे ना, अशी शंका घेशील. आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, लगेच जेवण आणि गोळ्यांवर गाडी नेतेस. आणि मीही लबाड, भाजी काय होती ते सांगत बसतो. तीन महिने आपलं हेच चाललंय. परवा तुझी शेवटची सुनावणी. तुझी नोकरी जाणार आणि वर खटला उभा राहणार, असं सगळे धरून चाललेत. म्हणून आज लिहायला बसलो.

इकडची खबर अशी की बघण्यासारखं काही उरलं नाही. औष्णिक केंद्राचा शेवटचा संच बंद पडून सहा महिने झाले. कंट्रोल रूममधल्या खुर्च्यासुद्धा नेल्या. वसाहतीत निम्म्या घरांना कुलपं आहेत. दोरीवरचे कपडे आता काळे होत नाहीत, पण त्याचं कौतुक करायला शेजारीच राहिले नाहीत. राखेच्या तळ्यावर तुमची सौर पॅनेलं इतकी चकाकतात की दुपारी खिडकीत उभं राहवत नाही. धुराड्यावरचा लाल दिवा तेवढा लागतो, आणि त्यालाही वीज तुमचीच.

तू सौर प्रकल्पात लागलीस तेव्हा मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो. घरभेदी म्हणालो होतो, गमतीने. पण ती गंमत नव्हती. ज्या बॉयलरवर बत्तीस वर्षं आपली चूल पेटली, तो विझवायला आपलीच पोर निघाली, असं मनाने घेतलं होतं. तेव्हा फिटरकाकानेच मला झापलं. हिला सायकल मी शिकवली, ती पुढे गेली तर तुझ्या का पोटात दुखतं, म्हणाला. अख्ख्या प्लँटमध्ये मला अरे-तुरे करणारा तो एकटाच होता.

विजेचा धक्का लागून तो गेला त्या दिवसाचं तुला माहीत आहे ते तुझ्या टोकाचं. माझ्या टोकाचं कुणालाच माहीत नाही. यार्डातल्या जुन्या लाइनच्या तारा सोडवायच्या होत्या. कामाचं परमिट देणारा मी. स्विच उघडा, लाइन तपासा, ती जमिनीला जोडून अर्थिंग लावा आणि मगच माणूस वर चढवा, हे मी नव्या पोरांकडून घोकून घेतलंय. अर्थिंग विसरणाऱ्याला अख्ख्या शिफ्टसमोर सोलून काढलंय. त्या सकाळी मात्र मी खुर्चीवरून न उठता सही केली. काकाने अर्थिंगचं विचारलं, तर मी हसलो. बॉयलर थंडगार पडलाय, आता वीज काय आभाळातून येणार, असं म्हणालो. तोही हसला आणि शिडी घेऊन गेला.

आमच्या हाडात एकच गोष्ट मुरली होती: वीज आमच्याकडून जाते, आमच्याकडे येत नाही. तुमचा प्रकल्प त्याच लाइनच्या दुसऱ्या टोकाला जोडलाय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या जोडणीच्या कागदावर माझी सही आहे. पण बत्तीस वर्षांच्या सवयीपुढे तो कागद मला आठवलाच नाही.

आणि आठवण करून द्यायला तू फोन केला होतास. दहाला दहा कमी असताना. कंट्रोल रूमच्या फोनवर नाही, तिथलं बोलणं रेकॉर्ड होतं, माझ्या मोबाइलवर. बापाला काय लेखी विचारायचं, असं वाटलं असेल. दहाला लाइन चार्ज करतोय, वीज सोडतोय, तिकडे कुणी चढलेलं नाही ना, असं तू विचारलंस. मी ऐकलं, शब्द न् शब्द ऐकला. कर बिनधास्त, म्हणालो. तुझी लाइन आणि माझी लाइन एकच, हे डोक्यात शिरलंच नाही. खरं सांगू? मला तो फोन ठेवायचा होता. समोर माणसं माझं कंट्रोल पॅनेल उखडत होती आणि तुझा आवाज फार आनंदात होता. मला तो सहन झाला नाही.

चौकशी समितीने विचारलं, तेव्हा फोन आलाच नाही असं मी सांगितलं. नंतर तुला विचारलं, तर तू म्हणालीस की मी कुणालाच विचारलं नव्हतं. मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. बापलेकीच्या फोनच्या नोंदी काढाव्यात असं कुणाच्या मनात आलं नाही, आणि मी सुटलो. तेव्हापासून काकाची बायको, आपल्या वहिनी, रोज संध्याकाळी आपल्या पायरीवर येऊन बसतात आणि तुझ्या नावाने बोटं मोडतात. मी त्यांना पाणी देतो. तिला काही बोलू नका, एवढंसुद्धा माझ्या तोंडून कधी निघालं नाही. इतका नीच मी होऊ शकतो, हे मला या वयात कळलं.

आज सकाळी वहिनींच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. तिथून समितीच्या कार्यालयात गेलो आणि लेखी जबाब दिला, फोनची नोंद जोडली. नोंदीत फोन झाला एवढंच दिसतं; काय बोललो ते आपल्या दोघांनाच ठाऊक. साहेब म्हणाले, मुलीने नाकारलं तर हा जबाब टिकणार नाही, बापाने लेकीसाठी रचला असंच वाटेल. आणि तू नाकारशील, हे मला पक्कं माहीत आहे. माझा दमा, माझं वय, तुरुंगात मला गोळ्या कोण देईल, इथपर्यंत तुझा विचार करून झाला असेल. नको करूस. लहानपणी तुला कितीदा गप्प बसवलं असेन मी. आता हात जोडतो, परवा गप्प बसू नकोस. मी विचारलं होतं आणि माझे बाबा हो म्हणाले होते, एवढंच सगळ्यांसमोर सांग.

तुझाच,
बाबा