ताईचा फोल्डर आणि माझं एक ‘हो’

३ मार्च, सकाळ
चार दिवस वहीला हात लावला नाही. चुकलं. तब्येत बरी नव्हती. म्हणजे होती, पण कंटाळा आला होता.
आता कामाला लागायचं. आम्हा तिघा भावंडांचा एकच ईमेल आहे, पासवर्ड मात्र ज्याचा त्याचा. त्यात अकरा फोल्डर, नुसता उकिरडा. ताई जिन्यावरून पडल्यापासून तर विचारूच नका. डॉक्टर म्हणतात, आता तिला एकटीला ठेवू नका. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण व्यवस्थितपणा अंगात असावा लागतो.

४ मार्च
कोणी काय बघायचं, याचा तक्ता आखला. ‘औषधं’ तिघांनी. ‘पुढे काय’ फक्त मी आणि धाकट्या भावाने. ताईला कोण ठेवणार, याची चर्चा त्यात आहे.
ही म्हणाली, हात लावण्याआधी भावजींना विचारा. विचारतो म्हणालो. धाकटा कामात असतो, उगाच कशाला त्रास.

५ मार्च, दुपार
फत्ते! ‘ताई’ नावाचा एक मोठा फोल्डर केला. ताईचं सगळं त्यात ढकललं. ताईचा फोन आला, औषधांची चिठ्ठी सापडत नाही रे. लगेच तिला मोठ्या फोल्डरचीच परवानगी दिली. आतल्या सगळ्या फोल्डरनाही द्यायची का, असं कॉम्प्युटरने विचारलं. हो म्हटलं. एकेकाला कोण देत बसणार?

६ मार्च
धाकट्याचा फोन. दादा, तू डोकं गहाण ठेवलंस का, ताईने ‘पुढे काय’ वाचलंय! शक्यच नाही, म्हणालो. मग बघितलं. नऊच्या नऊ मेल उघडलेले.
त्यातला एक माझा. “आमची मागची खोली ओलसर आहे. ताईच्या गुडघ्यांना सोसायची नाही.”
हिने विचारलं, ओल कुठे आहे? म्हणालो, पुढे येऊ शकते. खोलीत माझी बिघडलेली घड्याळं आहेत. ही उठून आत गेली.

७ मार्च
ताईची परवानगी काढून घेतली. जिवाला जरा बरं वाटलं. ही म्हणाली, वाचलेलं आता डोक्यातून कसं काढणार? शिवाय औषधांची चिठ्ठीही बंद झाली. केमिस्टच्या दुकानात ताई अर्धा तास उभी होती म्हणे. त्या पायाने.
लहानपणी माझे सगळे फॉर्म ताईच भरायची.

८ मार्च
ठरवलं, फोन करून खरं सांगायचं. एक रिंग झाली. झोपली असेल, म्हणून ठेवला. अकरा वाजले होते, सकाळचे.

९ मार्च
धाकट्याकडून कळलं. ताई तिच्या जुन्या मैत्रिणीकडे राहायला गेली. तिकडे तिसरा मजला, लिफ्ट नाही. मला काही निरोप आहे का, विचारलं. नाही म्हणाला.

११ मार्च, संध्याकाळ
घड्याळं माळ्यावर टाकली. खोलीत पलंग लावला. ताईला सगळ्या परवानग्या परत दिल्या, माझ्यापेक्षा जास्तच. तिने अजून मेल उघडलेला नाही.
ताईला पाठवायच्या पत्राचा मजकूर आधी इथे लिहितो. अक्षर बरं आलं की मग पाठवीन.
ताई, ओल नव्हती. कधीच नव्हती. जिना जपून उतर, आणि कधी न्यायला येऊ ते लवकर कळव.